ओ कुणी द्यायची

शिवाजी पेठ, कोल्हापूर
९ सप्टेंबर २०२४

चि. क्रांती हिला,

नंदिनीकाकीचे अनेक आशीर्वाद. तू आणि तुझ्या आक्का खुशाल असाल. शाहूवाडीकडं यंदा पावसानं सोडलं नाही असं पेपरात वाचलं. भात आडवं झालं नाही ना? इकडं उद्या गौरी येतील. यंदा मुखवटे काढायचे की नाहीत, हे अजून ठरवलं नाही.

पत्र बघून तुला नवल वाटेल. सात वेळा फोन लावला, तू उचलला नाहीस. आठव्यांदा लावला तर लागलाच नाही. तू कामावर आलीस त्या पहिल्या दिवशी केअरटेकरच्या ब्युरोनं तुझ्या आधार कार्डाची झेरॉक्स दिली होती, ती माझ्या फायलीत होती. त्यावरच्या पत्त्यावर लिहिते आहे. कागद तुला परत पाठवायचा असेल तर निदान हातात तरी घ्यावा लागेल.

अप्पांची तब्येत बरी आहे. बरी म्हणजे बी.पी., साखर, सगळं माझ्यापेक्षा चांगलं. शाळेत पी.टी. शिकवून शिवाय तीस वर्षं फुटबॉलच्या मैदानात पंच म्हणून शिट्टी घेऊन पळालेला माणूस, अंग अजून काटक आहे. डोक्याचं काय ते तुला माहीत आहे. डॉक्टर म्हणाले, डिमेन्शिया आता पुढच्या पायरीवर गेला. या जिन्याला खाली उतरायच्याच पायऱ्या आहेत, तरी ते 'पुढची' म्हणतात.

तू गेल्यापासून चार जणी येऊन गेल्या. पहिली दिवसभर मोबाइलमध्ये. दुसरीच्या अंगावर अप्पांनी ताट भिरकावलं, ती जेवणही न करता गेली. तिसऱ्या आपल्या पेठेतल्याच बायडाबाई. त्यांची समजूत अशी की माणसाला कळत नसेल तर मोठ्यानं सांगावं. अप्पांची आंघोळ राहिल्याचं सगळ्या गल्लीला कळलं, अप्पांना सोडून. चौथी खरंच चांगली होती, पण तिला ते खोलीत येऊ देईनात. आतून कडी घालून बसले. शेवटी आमच्या श्रेयसनं सुतार बोलावून कडीच काढून टाकली.

चार वाजले की त्यांचं अजून तेच. शिट्टी गळ्यात घालतात, बूट मागतात, शाहू स्टेडियमवर मॅच आहे म्हणतात. तू सांगायचीस, "अप्पा, मैदानात पानी साचलंय, मॅच फुडं ढकलली," आणि ते निवांत बसायचे. त्यावरून मी तुला बोलले होते. माझ्या घरात खोटं चालणार नाही, चौतीस वर्षं मुलींना गणित शिकवलंय, उत्तर एकच असतं, असं बरंच काही. तू तेव्हा म्हणालीस, "काकी, आमाला ट्रेनिंगमधी तीन गोष्टी शिकवल्यात. खोडायचं न्हाय, वरडायचं न्हाय, परीक्षा घ्यायची न्हाय." त्यातली तिसरी मला जास्त झोंबली होती.

तू गेल्यावर मी खरं सांगून बघितलं. म्हटलं, "अहो, तुम्ही २००९ साली रिटायर झालात." ते लहान मुलासारखे रडले. दुसऱ्या दिवशी चार वाजता पुन्हा बूट. मी पुन्हा खरं सांगितलं. रोज नव्यानं रिटायर होतो आहे हा माणूस, आणि रोज मीच करते आहे.

मला ते हात लावू देत नाहीत. "कोन तुमी? बाईमानसानं आत यायचं न्हाई," म्हणतात. आज आंघोळीविना अकरावा दिवस आहे.

श्रेयस सकाळी सातला कागलच्या एमआयडीसीत जातो तो दिवेलागण उलटून गेल्यावर येतो. त्याला दोष देत नाही. त्यानं पन्हाळ्याच्या वाटेवर अशा आजाराच्या लोकांचं एक केंद्र बघून ठेवलंय. स्वच्छ आहे म्हणतो. सगळ्या दारांना बाहेरून कुलपं आहेत, हेही तो चांगलं म्हणूनच सांगतो. दिवाळीपर्यंत घरात नीट व्यवस्था लागली तर ठीक, नाहीतर पाडव्यानंतर अप्पांना तिकडं ठेवायचं, असं त्यानं मला समोर बसवून सांगितलं. शेहेचाळीस वर्षं झाली आमच्या लग्नाला. ते तिकडं आणि मी इकडं, हे मला जमणार नाही.

म्हणून विचारते, तू परत येशील का? जुलैमध्ये जे झालं ते गैरसमजातून झालं. अप्पांच्या दंडावर तो काळानिळा डाग दिसला, श्रेयस घाबरला, त्यानं ब्युरोला फोन केला आणि त्यांनी पुढचा मागचा विचार न करता तुला काढलं. त्यांची घाई झाली. आता त्या गोष्टीला दोन महिने होऊन गेले. येणं जमत नसेल तर निदान एवढं कळव, तू त्यांना आंघोळ कशी घालायचीस?

उत्तराची वाट बघते आहे.

सौ. नंदिनी गणपतराव इंगवले
(निवृत्त शिक्षिका)


शिवाजी पेठ, कोल्हापूर
३० सप्टेंबर २०२४

चि. क्रांती,

आशीर्वाद. तुझा कागद मिळाला. पत्र म्हणत नाही, कारण वर मायना नाही आणि खाली सही नाही. वहीचं एक पान, दोन्ही बाजूंनी भरलेलं, अप्पांना आंघोळ कशी घालायची तेवढंच. मी त्यात रागाचं एखादं वाक्य शोधलं, पेपर तपासताना चूक शोधायचे तसं. सापडलं नाही. शेवटची ओळ, "टावेल आधी उनात ठेवा, गार टावेल लागला की अप्पा बिथरत्यात." ते वाचून मी आधी टॉवेल गच्चीवर उन्हात टाकून आले.

तू लिहिलंस तसं सगळं केलं. पाणी आधी पायांवर, मग गुडघ्यांवर, डोक्यावर सगळ्यात शेवटी. 'आंघोळ' हा शब्द काढायचा नाही, मॅच संपली, अंगाला चिखल लागलाय असं म्हणायचं. तेही म्हटलं. त्यांनी बादली लाथाडली. तुझी रीत बरोबर होती, माणूस चुकीचं होतं.

मग मोरीच्या दारामागं तुझा निळा एप्रन दिसला. तू गेलीस तेव्हा घाईत राहिलेला. मी तो धुऊन पाठवणार होते, दोन महिने पाठवला नव्हता. का कोण जाणे, मी तो अंगात घातला. चष्मा काढला, पदर खोचला, बाहेर जिन्यात जाऊन दार ओढून घेतलं आणि बेल वाजवली. स्वतःच्या घराची बेल मी आजवर कधी वाजवली नसेन. त्यांनीच दार उघडलं.

"नवीन काय तुमी?"

"हो."

"ब्युरोनं पाठवलं?"

"हो," मी म्हणाले. एकोणसत्तर वर्षांतलं माझं पहिलं ठरवून केलेलं खोटं.

"या की मग. भाईर का हुब्या ऱ्हायलाय?"

त्या दिवशी आंघोळ झाली. पाठ चोळताना ते डोळे मिटून बसले होते. ह्यांच्या पाठीला माझा हात लागून सव्वादोन महिने झाले होते. पाणी ओतता ओतता मी रडत होते आणि त्यांना वाटत होतं की बाईच्या डोळ्यांत साबण गेला. "पुसा की वो," म्हणाले.

तेव्हापासून सकाळी आठ ते संध्याकाळी पाच मी ब्युरोची बाई असते. हसू नकोस. किंवा हस, तुला तेवढा हक्क आहे. ते माझ्याशी इतकं बोलतात क्रांती, की शेहेचाळीस वर्षांत आम्ही एवढं बोललो नव्हतो. कुठल्या साली कुठल्या मॅचला लोकांनी दगड मारले, कुणाला लाल कार्ड दिल्यावर त्याची आई घरी येऊन ह्यांना शिव्या देऊन गेली. आणि मधेच बायकोबद्दल बोलतात. परवा म्हणाले, "आमची मंडळी लई कडक. गनिताची बाई हाय. घरात बी बेरीज चुकल्याली चालत न्हाई."

मी विचारलं, "भांडतात का तुमच्याशी?"

"न्हाई. तेच तर. भांडली असती तर बरं झालं असतं. ती गप बसतीया."

मी तव्यावरची भाकरी उलटली. मग उगाच विषय बदलायला म्हणून विचारलं, दिसायला कशा आहेत?

"तशी बरी हाय."

"नुसत्याच बऱ्या?"

"अवो, तुमाला काय सांगत बसू? आली की बघाच की."

मला इतकं हसू आलं की मी आत जाऊन हसले. सत्तरीला आलेल्या बाईनं नवऱ्याच्या एवढ्याशा बोलण्यावर असं हसावं, हे तुझ्याशिवाय कुणाला सांगणार.

पण पाच वाजले की ते दाराकडं तोंड करून खुर्ची लावतात. "नंदा अजून आली न्हाई शाळंतनं?" मी म्हणते, येतील, आज मुलींचे पेपर होते. बघ, मीही आता तुझ्यासारखंच बोलायला लागले. मग मी आत जाते, एप्रन काढते, चष्मा लावते, नीट पदर घेऊन बाहेर येते. रोज मला वाटतं, आज ओळखतील. ते माझ्याकडं बघतात, मग माझ्या मागं दाराकडं बघतात, की माझ्यामागून ती येते आहे का.

गेल्या गुरुवारी ते तिला आणायला निघून गेले. मी गच्चीवर कपडे काढत होते. ते थेट माझ्या जुन्या शाळेच्या फाटकापाशी गेले आणि गेट उघडा, माझी बायको आत आहे, म्हणून आरडाओरडा केला. तिथं भाजी घेऊन बसणाऱ्या विठाबाईंनी ओळखलं. पाटी तशीच सोडून त्यांनी अप्पांना हाताला धरून घरी आणलं. म्हणाल्या, "बाई, सर लई रडत हुते." श्रेयसला कळल्यावर त्यानं त्या केंद्राचा फॉर्म भरून टाकला. अजून दिला नाही, भरून ठेवलाय. तू आलीस तर तो थांबेल. तसं तो म्हणाला आहे.

जुलैबद्दल तू कागदात अवाक्षर लिहिलं नाहीस, म्हणून मीच लिहिते. तुझ्याविरुद्ध मी ब्युरोला एकही शब्द सांगितला नाही. तिथल्या वर्षाराणी मॅडमना हवं तर विचार. त्यांनी फोनवर विचारलं, अप्पांना आंघोळ कोण घालतं? मी म्हणाले, क्रांती. ते खरंच होतं. त्यापलीकडं मी काहीही बोलले नाही.

गॅसवर दूध ठेवलंय. थांबते.

तुझी,
नंदिनीकाकी


शिवाजी पेठ, कोल्हापूर
२१ ऑक्टोबर २०२४

क्रांती,

मागच्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस ते बरोबर केलंस. गॅसवर दूध नव्हतं.

अप्पांच्या दंडावरचा डाग माझ्या बोटांचा होता.

हे एक वाक्य लिहायला मला तीन महिने आणि दोन पत्रं लागली. आता बाकीचंही लिहिते. मधे थांबले तर पुन्हा धीर होणार नाही.

डाग उठला त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात शेंगदाणे भाजत होते. बाहेरून ह्यांनी हाक मारली, "नंदा." हे नाव त्यांनी लग्नानंतर ठेवलं. चारचौघांत कधी घेतलं नाही, श्रेयससमोरसुद्धा नाही. दोन वर्षांत ती हाक मी ऐकली नव्हती. मी 'ओ' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात तू ओ दिलीस.

तुझं काही चुकलं नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. तेल लावून घातलेली वेणी, तीच उंची, बोलताना कमरेवर हात ठेवायची तीच सवय. तिशीतली मी अशीच दिसत होते. माणूस ज्या नावानं हाक मारेल त्या नावानं ओ द्यायची, हे तुझं काम होतं.

मग ते म्हणाले, "नंदा, तुझी हेडमास्तरकी माज्यामुळं गेली. मी आडवा आलो. माजं चुकलं."

तुला ते कशाबद्दल होतं हे माहीतही नव्हतं. १९९८ साली आमच्या संस्थेनं मला गडहिंग्लजच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून ऑर्डर दिली होती. ह्यांनी विचारलं, आईचं कोण बघणार? माझ्या सासूबाई तेव्हा अंथरुणावर होत्या. एवढंच विचारलं, आवाजही चढवला नाही. मी नकाराचं पत्र लिहिलं आणि ते पोस्टात टाकायला ह्यांच्याच हातात दिलं. माझ्यानंतर लागलेल्या तिघी हेडमास्तरीण होऊन रिटायर झाल्या. त्यावर आम्ही एकदाही बोललो नाही. मी गप्प बसले. सव्वीस वर्षं मी या एका वाक्याची वाट बघत होते. ते म्हणाले तर आपण काय म्हणायचं, हेही माझं ठरलेलं होतं. दर दोन-चार वर्षांनी मी त्यात थोडा बदल करायचे.

ते वाक्य शेवटी आलं आणि तुझ्याकडं गेलं. आणि तू म्हणालीस, "जाऊ दे की आता. मी कवाच इसरले."

ते रडले, मग हसले, मग तू त्यांना चहा दिलास. मी आत उभी होते. शेंगदाणे करपले. मी काहीच विसरले नव्हते क्रांती, आणि माझ्या नावानं कुणीतरी माफ करून मोकळं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू औषधं आणायला खाली गेलीस. मी ह्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. म्हटलं, काल जे म्हणालात ते मला म्हणा. मी म्हटलं, माझ्याकडं बघा, मी नंदा आहे, मी कोण आहे सांगा. परीक्षा घ्यायची नाही असं तू सांगितलं होतंस, मी दुसरं काही केलंच नाही. त्यांचा दंड धरला. हलवलं. ते "कुनीतरी या" म्हणून ओरडायला लागले, मी तरी सोडला नाही. तुझी जिन्यात चाहूल लागली तेव्हा सोडला.

संध्याकाळी श्रेयसनं डाग बघितला. "हे कुणी केलं?" मी तोंडानं काही बोलले नाही. तुझ्याकडं बघितलं. आजवर मी खोटं बोलले नाही असा माझा ताठा होता, तो त्या क्षणी मला उपयोगी पडला, कारण बघणं म्हणजे काही बोलणं नव्हे. श्रेयसला माझं बघणं कळलं. तुलाही कळलं. तू माझ्याकडं बघितलंस तेव्हा मला समजलं की डाग कुणाचा हे तुला पक्कं ठाऊक आहे. तू तरीही गप्प राहिलीस आणि पिशवी भरायला आत गेलीस. माझ्यावर दया करून गेलीस, की माझ्यावर आरोप केला तर अप्पांना या घरातून हलवतील म्हणून गेलीस, हे मी तुला कुठल्या तोंडानं विचारू? ब्युरोनं त्यानंतर तुला एकाही घरी पाठवलं नाही, हेही मला माहीत होतं. माहीत असून मी तुला 'गैरसमज' लिहिलं.

परवा मी स्वतः ब्युरोत जाऊन वर्षाराणी मॅडमना हे सगळं लेखी दिलं. त्यांनी तुझं नाव पुन्हा यादीत घेतलंय, तुला फोन येईल. आमच्याकडं आली नाहीस तरी दुसऱ्या घरी जायला तुला आता अडचण नाही.

श्रेयसलाही सांगितलं. तो म्हणाला, "आई, तू?" मग पाणी प्यायला आणि म्हणाला, "मग तर अप्पांना घरात ठेवताच येणार नाही." खरं सांगितलं की सगळं मार्गी लागेल असं मी आयुष्यभर मुलींना शिकवत आले. खरं सांगितलं आणि होती ती आशाही घालवली. त्याचं चुकत नाही. बापाच्या अंगावर डाग उठवणाऱ्या माणसाच्या हाती बापाला कोण सोडेल? त्यानं फॉर्म दिला. भाऊबीज झाली की सोमवारी, चार नोव्हेंबरला, अप्पांना न्यायचं आहे. या कामाचं शिकलेलं माणूस दिवसभर घरात असेल आणि मी अप्पांना हात लावणार नाही, असं असेल तरच तो थांबेल. नाव त्यानं तुझंच घेतलं. खाली बघून घेतलं. त्यालाही तुझ्यापुढं लाज वाटते.

आता शेवटचं सांगते, तेही लपवणार होते. एप्रनचं आता चालत नाही. तेही मीच घालवलं.

दसऱ्यानंतर एक दिवस पाच वाजता ते दाराकडं बघत बसले होते. म्हणाले, "बाई, आमची मंडळी आज बी आली न्हाई. रुसलीया."

मी विचारलं, कशावरून रुसल्या?

"मी तिचं लई मोटं नुकसान केलंय. तिला सांगायचं ऱ्हायलंय. तुमाला कुटं भेटली तर सांगा, गनपतराव चुकला म्हनावं."

म्हणजे तू माफ केलेलं ते विसरून गेले होते. चूक तेवढी लक्षात राहिली होती. मला राहवलं नाही. मी एप्रन ओढून काढला, त्यांच्यासमोर खाली बसले आणि म्हटलं, मीच नंदा, ऐकलं मी, माझ्यापर्यंत पोचलं. ते मागं सरकले. माझ्याकडं खूप वेळ बघितलं. रागावले नाहीत, हेच जास्त वाईट. परक्या बाईशी बोलावं तसं अदबीनं म्हणाले, "बाई, तुमी चांगल्या हाय. पर असली चेष्टा करू ने." आणि खुर्ची पुन्हा दाराकडं फिरवून बसले. त्या दिवसापासून एप्रनमधल्या बाईलाही ते जवळ येऊ देत नाहीत. आंघोळ पुन्हा बंद आहे.

मला आता कळलंय ते असं. त्यांना माफी रोज मागायची आहे आणि ती नंदाकडंच मागायची आहे. माझा चेहरा त्यांना नंदाचा वाटत नाही, तुझा वाटतो. यात कुणाचा दोष नाही. एवढं साधं गणित सुटायला मला इतके महिने लागले.

म्हणून तुझ्याकडं मागते आहे. भात कापणीचे दिवस आहेत, आक्का एकट्या आहेत, मी तुझं काय केलंय तेही वर लिहिलंय. तरी मागते. केअरटेकर म्हणून येऊ नकोस. नंदा म्हणून ये. मी स्वयंपाकघरात असेन. चार दिवस मी तसं राहून बघितलं, स्वयंपाकाच्या बाईला ते काही बोलत नाहीत. भाकरी चांगली फुगली तर "झकास" म्हणतात. मला तेवढं पुरेल. त्यांना मात्र हे घर सोडून कुलपाच्या दाराआड वाट बघत बसायला लागू नये.

तुमच्यात कामाची पाळी संपली की एक जण दुसरीला सगळं सांगून जाते, तसं सांगते. चहा आला की पहिली बशी ते तुझ्यापुढं करतील. नको म्हणू नकोस. मी कायम नको म्हणत आले. रंकाळ्यावर चालताना रस्त्याच्या बाजूनं तेच चालतील, त्यांना चालू दे. कपाळावर डाव्या बाजूला खूण आहे, त्र्याऐंशी सालच्या मॅचमध्ये दगड लागलेली. फार बिथरले तर त्या खुणेवर हाताचा तळवा ठेव, लगेच शांत होतात. मी तो शेवटचा कधी ठेवला ते मला आठवत नाही. लग्नाला किती वर्षं झाली विचारलं तर आकडा सांगू नकोस, "लई" म्हण. आणि कधी ते रागानं म्हणाले की तू माझ्याशी बोलत का नाहीस, तर बोल. काहीही बोल.

ते हेडमास्तरकीचं पुन्हा काढतील. रोज काढतील. तेव्हा जुलैमध्ये म्हणाली होतीस तेच म्हण, तुझ्याच शब्दांत, "जाऊ दे की आता, मी कवाच इसरले." त्यातलं विसरले हे अजूनही खोटं आहे, ते तू तुझ्या ट्रेनिंगच्या हिशेबात धर. जाऊ दे, हे मात्र आता खरं आहे. ते तू माझ्या सांगण्यावरून म्हणते आहेस.

चार तारखेच्या आत ये.

श्रेयसची आई